पहिला शब्द मशीन खातं

टेलिफोन खात्यात उभा जन्म काढलेल्या बाईच्या घरचाच फोन लागू नये, यापरती शोभा नाही. आमच्या सिल्वासाच्या घरचा फोन वर्षभर लागत नव्हता. सकाळी लावा, संध्याकाळी लावा, टुक टुक टुक, एंगेज. शेवटी आमच्याच ऑफिसातल्या एका साहेबांनी कंटाळून १९८ ला फोन केला. १९८ म्हणजे तक्रार नोंदवायचा नंबर, आणि त्या टेबलावर तेव्हा मीच बसायचे. "राऊत मॅडमच्या घरचा फोन कायम एंगेज असतो, बघा जरा," असं राऊत मॅडमलाच सांगून त्यांनी फोन ठेवला. मी निमूटपणे स्वतःचा नंबर लिहिला, तक्रारीचा प्रकार लिहिला आणि चिठ्ठी लाइनमन मगनभाईंच्या हातात दिली. मगनभाई आमच्या घरी जाऊन आले, चिठ्ठीवर त्यांचा नेहमीचा शेरा मारला, 'तपासली तेव्हा बरोबर', आणि ती माझ्यासमोर ठेवताना हळूच म्हणाले, "बेन, लाइन तो बराबर छे. सर बराबर नथी."

सर म्हणजे आमचे हे. सरकारी शाळेत गणित शिकवायचे. आमची एकुलती एक लेक लग्न होऊन अमेरिकेत गेली, तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच भुंगा. परदेशी फोनचे तेव्हाचे दर असे होते की 'जेवलीस का' एवढं विचारून होईस्तोवर माणसाचीच भूक मरावी. मग वापीतल्या कुणीतरी यांना सांगितलं की कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलं की अमेरिकेतल्या कुठल्याही घरी जवळजवळ फुकटात बोलता येतं. झालं. घरात कॉम्प्युटर आला, मोडेम नावाची डबी आली, कानाला लावायचे हेडफोन आले. माझ्या फोनची वायर काढून त्या डबीत खुपसली आणि हे कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "यापुढे आपल्या घरचा फोन हाच."

"आणि इथल्या इथे कुणाला फोन करायचा असेल तर?"

"इथल्या इथे चालत जायचं. तेवढाच व्यायाम."

आता यात दोन भानगडी होत्या. एक म्हणजे नेट चालू असेपर्यंत घरची लाइन अडकलेली. दुसरी मोठी. त्या काळी नेटवरून फोन करायला आपल्याकडे परवानगीच नव्हती. म्हणजे मी दिवसभर खात्याचं मीठ खायचं, आणि माझ्याच दिवाणखान्यात बसून माझ्या नवऱ्याने त्याच खात्याला चुना लावायचा. मी चिडचिड केली, अबोला धरला. मग एका सकाळी त्या हेडफोनमधून लेक "आई" म्हणाली आणि माझा अबोला तिथेच संपला. माणूस विकाऊ असतो, फक्त भाव वेगवेगळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण मला मूळ राग त्या यंत्राचा होता, परवानगीचा नव्हता. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी पालघरकडची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यांच्या बदलीबरोबर सिल्वासात आले आणि इथल्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून बसले. तेव्हा गावात फोन मोजके. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्याला भोकं, हातात दोऱ्यांसारख्या वायरी. गिऱ्हाइकाने फोन उचलला की त्याच्या नावाचा दिवा लागायचा. बाहेरगावी बोलायचं असेल तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. कधी तास, कधी अख्खा दिवस. मसाटला, दादऱ्याला नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांचे मुंबईहून आलेले मॅनेजर माझ्या जिवावर उठले होते. दादऱ्याचे एक मॅनेजर होते, त्यांना सगळे कॉल सर्वांत तातडीचेच हवे असत. मी जिवाचा आटापिटा करून वापीमार्गे मुंबई लावावी, तर त्यांचा शिपाई सांगणार, "साहेब जेवायला गेलेत." साहेब परत आले की आधी मुंबईवर ओरडणार, मग माझ्यावर. गाव जितकं लांब तितका आवाज मोठा, असा त्यांचा हिशेब होता. दिल्लीला बोलायचे तेव्हा त्यांना फोनची गरजच नव्हती.

एक नियम मात्र मी पाळला. दोन्ही बाजू जोडून दिल्या, आवाज नीट जातोय याची खात्री झाली, की आपली कळ बंद करायची. लोकांची बोलणी ऐकायची नाहीत. पुष्कळ जणी ऐकत. मीही सुरुवातीला ऐकलं असेल, खोटं का बोलू. पण एकदा एका बाईचं रडणं कानावर पडलं आणि संध्याकाळी तीच बाई भाजीबाजारात समोर येऊन हसली, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्यानंतर मी कधी ऐकलं नाही. याचा मला अभिमान होता. पुढे याच अभिमानाने माझी फजिती केली, ते येईलच.

तर ट्रंक लाइनची एक खोड होती. ती वाक्याची शेपटी खायची. माणूस बोलत बोलत वाक्याच्या शेवटाला यायचा, आवाज पडायचा आणि शेवटचा शब्द खरखरीत बुडायचा. त्यातून आपली भाषा अशी की 'नाही' आणि 'नको' शेवटी येणार. मसाटच्या एका कारखान्याने एकदा मुंबईला सांगितलं, "सध्या माल पाठवू नका." पलीकडे गेलं, "सध्या माल पाठवू." दोन ट्रक येऊन गेटवर उभे राहिले आणि मॅनेजर माझ्या खिडकीशी. त्या दिवसापासून मी येईल त्याला शिकवायला लागले, "नको असेल तर नको आधी बोला. नको पाठवू माल. नको विकू म्हैस. आधी नको, मग काय ते." माझ्या या शिकवणीचा सगळ्यात मोठा फायदा खानदेशातून आलेल्या कामगारांना झाला, कारण ते मुळातच 'नको येजो', 'नको करजो' असं बोलतात. येजो म्हणजे ये बरं का. त्यांचं 'नको' कधी बुडलं नाही.

कमलबाई माझ्या ओळखीची झाली ती याच खिडकीवर. धुळ्याकडची. नवरा दगडूभाऊ मसाटला सुताच्या कारखान्यात मशीनवर, ही एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला. आमच्या मागच्या चाळीत राहायची. गावी शेजारच्या दुकानात फोन होता, तिथे सासूला बोलावून घ्यायची आणि खिडकीत उभं राहून दोन वाक्यांत सगळा संसार सांगून मोकळी व्हायची. माझ्या हाताखालून हजारो माणसं बोलली असतील, पण शब्द असा तोलून टाकणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. एकदा मी म्हटलं, "कमलबाई, अजून एक मिनिट आहे तुमचं." तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या ताई. बोलानं ते बोलनू."

नव्वदचं दशक आलं, एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. बोर्ड गेला, मला तक्रारीच्या टेबलावर बसवलं. आणि आता घरी हे नवं यंत्र.

त्याची खोड नेमकी उलटी निघाली. ते वाक्याचं डोकं खायचं. का ते मला यांनीच समजावून सांगितलं. कुणी बोलत नसताना ते यंत्र झोपतं. आपण बोललो की जागं होतं. पण जागं होईपर्यंत आपला पहिला शब्द निघून गेलेला असतो, तो पलीकडे पोचतच नाही. वर आवाज जायला एक-दोन सेकंद लागणार. लेक बोलायला लागली की मी बोलणार, मग दोघी गप्प, मग दोघी एकदम. महिनाभर आम्ही मायलेकी एकमेकींना फक्त "काय?" आणि "तू बोल" एवढंच म्हणत होतो. आणि हे मागे उभं राहून म्हणायचे, "फुकट आहे ना पण?"

शेवटी मीच तोड काढली. ऑपरेटरचं डोकं कुठेतरी कामाला यावं. प्रत्येक वाक्याच्या आधी एक फुकटचा शब्द टाकायचा. मी 'ऐक' हा शब्द ठरवला. ऐक, जेवलीस का. ऐक, थंडी आहे का. 'ऐक' यंत्राने खाल्लं तर खाऊ दे, पुढचं शाबूत जातं. आमच्या घरी कुणीही नेटवर बोलायला बसलं की मी आधी बजावायचे, "पहिला शब्द मशीन खातं. आधी ऐक म्हणा."

आणि बसायला येणारे कमी नव्हते. फुकट फोनची बातमी चाळीत पोचायला किती वेळ लागणार? कुणाचा भाचा, कुणाचा दीर. बहुतेकांची माणसं आखातात, तिकडे हे चालायचं नाही, तरी येऊन बसायचे आणि चहा पिऊन जायचे. ज्याचं माणूस खरोखर अमेरिकेत होतं असं चाळीत एकच घर होतं. कमलबाईचं.

तिचा मुलगा भटू. मशीनवाल्याचा पोरगा, पण डोकं तल्लख. यांच्याच हाताखाली गणित शिकला, इंजिनिअर झाला. दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर कोलमडणार अशी तेव्हा आवई होती आणि ते कोलमडू नयेत म्हणून अमेरिकेला पोरं हवी होती. भटू गेला. चाळीत दगडूभाऊंची मान काय ताठ झाली म्हणता. शिफ्टवरून येताना वाट वाकडी करून ते आमच्या दारावरून जायचे आणि "सर, भटूना फोन उना व्हता का?" असं रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारायचे.

त्या वर्षीची दिवाळी झाली आणि कमलबाई आजारी पडली. पोटात दुखणं, रक्तस्राव. डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका. तिने आणि दगडूभाऊंनी ठरवलं की भटूला कळवायचं नाही. पण गावाकडून कुणीतरी पत्रात लिहिलंच. भटूचा आमच्या घरी निरोप आला, कॉम्प्युटरवर, चिठ्ठीसारखा. तो असा होता की कंपनीने त्याला नवं वर्ष लागेपर्यंत थांबायला सांगितलंय. थांबला तर पुढे कायम ठेवतील. मध्येच निघाला तर काम गेलं आणि परत अमेरिकेत जाणंही गेलं. पण आईचं ऑपरेशन आहे. 'आईशी एकदा बोलायचंय. ती सांगेल तसं करीन.'

निरोप मी दगडूभाऊंना वाचून दाखवला. त्यांनी तो मला परत एकदा वाचायला लावला. म्हणाले, "तिले इठे बोलावतस. पन दोनच गोटी बोलानी. मी बरी शे, आनि नको येजो. तिसरी गोट नही. ताई, तुम्ही तिले समजाडा."

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. दुसऱ्या दिवशी सात वाजता कमलबाई आली. दगडूभाऊ पहिल्या शिफ्टला गेलेले, हे सकाळच्या शाळेत. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिसऱ्यांदा बजावलं, "कमलबाई, नीट ऐका. तुमची बोलायची सवय अशी की नको पहिलं येतं. ट्रंकवर ते चाललं. इथे पहिला शब्द मशीन खातं. तुम्ही 'नको येजो' म्हणालात तर पोराला नुसतं 'येजो' ऐकू जाईल आणि घोळ होईल. म्हणून आधी 'ऐक' म्हणायचं. म्हणून दाखवा."

"ऐक," ती म्हणाली.

"हां. मग पुढचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "समजनं ताई."

भटूचा नंबर लागला. "भटू, आई बोलतेय," एवढं मी सांगितलं, त्याचं "हो काकू" ऐकलं, हेडफोन तिच्या कानाला लावले आणि उठले. जोडून दिलं, आवाज जातोय, आता आपली कळ बंद. मी मागच्या गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं आणि तुळशीला पाणी घालत उभी राहिले. पाच मिनिटांनी आत आले तर कमलबाई हेडफोन काढून पदर नीट करत होती.

"सांगितलंत?"

"हाव ताई. सांगं."

"नीट ऐकू गेलं ना त्याला?"

"हाव." आणि ती पॅकिंगच्या कामाला निघून गेली. ऑपरेशनला आठवडा उरला होता, तरी कामाला गेली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भटू सिल्वासात हजर. हातात भली मोठी बॅग, डोळे तांबारलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूभाऊ आमच्या दारात. रात्रपाळीवरून थेट आलेले, अंगावर कारखान्याचे कपडे, केसांत सुताची कुसळं. "बाई," म्हणाले. आजवर ताई म्हणणारा माणूस. "काय सांगं तुम्ही मना पोऱ्याले?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. मला सगळं कळतं ना. मी त्यांना आत बोलावून, खुर्चीवर बसवून, यंत्र कसं झोपतं आणि कसं जागं होतं ते समजावलं. म्हटलं, "कमलबाई 'ऐक' म्हणायला विसरल्या असणार. त्या 'नको येजो' म्हणाल्या, 'नको' मशीनने खाल्लं, भटूला 'येजो' ऐकू गेलं." मी इतक्या खात्रीने सांगितलं की जणू त्या वायरीत मी बसले होते.

हे मधेच म्हणाले, "तसं नसेल. इथे फोन ठेवताना सगळे गुजरातीत 'आवजो' म्हणतात. म्हणजे या परत, म्हणजे अच्छा. आपले खानदेशी लोक त्याचंच 'येजो' करतात. ती निरोप घेताना 'येजो' म्हणाली असेल आणि पोराने ते खरं धरलं."

"अहो, मग 'नको' कुठे गेलं?"

"ते तुझ्या मशीनने खाल्लं असेल."

"माझ्या? मशीन कुणी आणलं?"

दगडूभाऊ आमचं भांडण ऐकत बसले होते. दोघांचं संपल्यावर उठले आणि एवढंच म्हणाले, "मना पोऱ्यानं नशीब खाई गयं तुमनं मशीन." चहा तसाच राहिला. त्यानंतर ते आमच्या घराची पायरी कधी चढले नाहीत.

दोन दिवसांनी मी इस्पितळात गेले. ऑपरेशन नीट झालं होतं. कमलबाई पडून होती आणि भटू तिला बशीतून चहा पाजत होता. मी तिला विचारलं, "तुम्ही 'ऐक' म्हणायला विसरलात ना?" तिने एक घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "तसंच व्हई, ताई." मग भटूला विचारलं, तुला नेमकं काय ऐकू आलं? तो बशीकडे बघत म्हणाला, "काकू, लाइन खराब होती. 'येजो' तेवढं ऐकलं."

झालं, माझ्या म्हणण्यावर शिक्का बसला. नवं वर्ष आलं, जगातला एकही कॉम्प्युटर कोलमडला नाही, आणि भटूचं अमेरिकेतलं काम मात्र गेलं. त्याने दोनदा खटपट केली, जमलं नाही. मग मसाटच्याच एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागला. लग्न झालं, मुलं झाली. बापाच्या मनातून ते कधी गेलं नाही. मी समोरून आले की दगडूभाऊ रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. चाळीत कुणी भटूबद्दल विचारलं की सांगायचे, 'टेलिफोनवाली बाईनं मशीन त्यानं नशीब खाई गयं.' मला ते इतकं लागलं की मी यांना निर्वाणीचं सांगितलं, या घरात एक तर ते राहील किंवा मी. यांनी हेडफोन कपाटात टाकले. घरचा फोन पुन्हा लागायला लागला, आणि लेकीशी बोलणं पुन्हा महाग झालं.

माझी रीतसर निवृत्ती झाली. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, मॅडमनी गावातली माणसं जोडली. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, एक तोडलंय, ते तुम्हाला माहीत नाही. वीस-बावीस वर्षं हे ओझं मी वाहिलं. भटू रस्त्यात दिसला की मी त्याच्या स्कूटरकडे बघायचे आणि अमेरिकेत त्याची केवढी गाडी असती ते मनात यायचं.

गेल्या वर्षी दगडूभाऊ गेले. तेराव्याला जावं की नाही, पाय उचलेना. शेवटी महिनाभराने गेले. कमलबाई आता थकली आहे, पण नजर तीच. भटूची मुलगी पाणी देऊन आत गेली. मी म्हटलं, "कमलबाई, जे माझ्यामुळे झालं त्याची माफी दगडूभाऊंकडे मागायची राहिली."

तिने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "ताई, तुमनं मशीन बराबर व्हतं."

"म्हणजे?"

"तुम्ही शिकाडं व्हतं तसंच मी करं. पहिले 'ऐक' म्हनं. ते मशीन खाई गयं. मंग म्हनं, 'येजो'."

"आणि नको?"

"नको मी म्हनंच नही. माले वाटनं, या दुखनामा मी काय वाचत नही. माले पोऱ्याले देखानं व्हतं."

मी हातातला पेला खाली ठेवला. म्हटलं, "मग इतकी वर्षं? मी विचारलं तेव्हा 'तसंच व्हई' म्हणालात."

"तुम्हीच सांगं ना, नको मशीन खाई गयं. भटूना बापले ते पटनं. तो मशीनलेच बोलत ऱ्हायना. मी बोलू दिधं. माले बोलता तर मी काय करती? मशीनले काय वाईट वाटस, ताई?"

"मशीनला नाही वाटत, कमलबाई. मला वाटलं. आणि भटूला माहीत आहे हे?"

"त्यानीच तं ऐकं," ती म्हणाली.

मी उठले. खरं सांगते, संतापले होते. एवढी वर्षं माझ्या नावाने खडे फुटले, मी माझ्या नवऱ्याशी भांडले, आणि ही बाई तोंडाला कुलूप लावून बसली. तिला चार शब्द सुनावले. तिने ते ऐकून घेतले. आतून भटू आला, आईला औषधाची गोळी दिली, पाण्याचा पेला तिच्या हातात नीट बसला की नाही ते बघून मगच सोडला आणि मला म्हणाला, "काकू, घरापर्यंत सोडतो." मी म्हटलं, नको, चालत जाईन.

घरी येऊन बसले. घरात मी एकटीच असते. हे जाऊन पाच वर्षं झाली. चटकन यांना सांगावंसं वाटलं, अहो, तुमचंही चुकलं आणि माझंही, ती निरोप घेत नव्हती, बोलावत होती. मग सवयीने फोन हातात घेतला. आता काय, लेक समोर दिसते, केसांतला पांढरा धागासुद्धा दिसतो, पैसे पडत नाहीत, परवानगी लागत नाही. मी फोन तसाच ठेवून दिला.

कारण यांना वापीच्या इस्पितळात ठेवलं होतं तेव्हाही ती अशीच समोर दिसत होती. विचारत होती, "आई, मी येऊ का? खरं सांग." मी म्हटलं, "अगं बाबा बरे आहेत. तुझी नोकरी, मुलांची शाळा. उगाच धावपळ करू नकोस. नको येऊस." ती आली ती सगळं आटोपल्यावर. त्या दिवशी लाइन अगदी स्वच्छ होती. आधी 'ऐक' म्हणायची गरज पडली नाही. माझं 'नको' जसंच्या तसं पोचलं.